नहीं तो परभणी

परभणीच्या माणसाला बाहेरगावी कुणी गाव विचारलं की समोरचा हमखास एक ओळ म्हणतो, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. निजामाच्या काळापासून चालत आलेली म्हण आहे असं आमच्याकडे सांगतात. नांदेडला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर मी ती शंभरदा तरी ऐकली असेल. पहिल्या वर्षी राग यायचा, चौथ्या वर्षापर्यंत आम्हीच ती इतरांच्या आधी म्हणून टाकायला शिकलो होतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, दसऱ्यानंतर, माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राने व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं. पुण्यातल्या पेठेतली खोली, रिकामी कॉट, सुतळीने बांधलेले पुस्तकांचे तीन गठ्ठे आणि खाली तीनच शब्द : नहीं तो परभणी.

मी हसून हसून डोळ्यांत पाणी येणाऱ्या तीन इमोजी पाठवल्या.

मित्राचं नाव इथे लिहीत नाही. गाव गंगाखेड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगराकडेला आहे, एवढं पुरे. आम्ही एकाच वर्षी, २०१८ ला इंजिनिअर झालो. मी हिंजवडीत नोकरीला लागलो, तो एमपीएससीला. म्हणजे तो हुशार होता म्हणून एमपीएससीला आणि मी तेवढा नव्हतो म्हणून नोकरीला, असा त्या वेळी आमच्या दोघांचा आणि दोघांच्याही घरच्यांचा समज होता. पुढची चार वर्षं त्याने कशी काढली हे त्या पिढीच्या कुठल्याही पोराला विचारा. कोरोनात खोल्या बंद, अभ्यासिका बंद, परीक्षा पुढे, परत पुढे. १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा तर तीन दिवस आधी ढकलली होती. पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे ती २१ तारखेला झाली. त्या दिवशी तोही रस्त्यावर होता. मी हिंजवडीत बसून टीव्हीवर त्याला गर्दीत शोधत होतो.

दोनदा तो काही मार्कांनी राहिला. तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेतच गेला. आणि मग ते स्टेटस.

त्यानंतर मी जे केलं ते जवळपास सगळेच करतात. मी त्याला ‘मोटिव्हेट’ करायला लागलो. रोज सकाळी एक मेसेज. अधिकारी झालेल्या कुणाचं तरी भाषण, कुणाची तरी ‘सहाव्या प्रयत्नात यश’ची बातमी. ‘तू वाघ आहेस भावा.’ एकदा तर मी बसून त्याच्या गुणांची यादी केली होती : दहावीला तालुक्यात दुसरा, होस्टेलवर अख्ख्या मजल्याला गणित शिकवणारा, कबड्डीत उजवा कोपरा. एकेक मुद्दा, बुलेट पॉइंट टाकून. सॉफ्टवेअरवाल्याला अडचण आली की तो तिकीट उघडतो, मुद्दे मांडतो आणि बंद करायच्या मागे लागतो. मी मित्राचं तेच केलं होतं. उत्तरात अंगठा यायचा. मग अंगठाही येईनासा झाला. मग निळ्या खुणाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर त्याच्या आईचा फोन आला. मी तिला मावशी म्हणतो. ती कधी फोन करत नाही; करायचा झाला तर थोरल्या पोराकडून लावून घेते. ‘लेकरा, तू एकदा येऊन जा बरं. ह्याचं काही खरं दिसंना. जेवना, बोलंना, रात्रभर जागाच असतो. सकाळी उठवलं की भिंतीकडं तोंड करतोय.’

त्याच रात्री नांदेडच्या गाडीत बसलो. परळी मागे पडली की पुढे गंगाखेड. तिथून गोदावरी ओलांडली की परभणी, माझं घर. मी अलीकडेच उतरलो.

त्याची खोली म्हणजे धान्याच्या कोठीशेजारची अंधारी खोली. पुण्याहून आलेले गठ्ठे सुतळी न सोडता तसेच कोपऱ्यात. तो बराच वाळला होता. अंगावर कुठला शर्ट आहे याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. वडील, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, ओसरीवरून मोठ्याने, त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, ‘इतकी शिकली पोरं अन् उठायला दहा वाजवायली.’ दादा वाईट माणूस नाहीत. त्या वर्षीच्या पावसात त्यांचं सोयाबीन भिजलं होतं आणि घरात धडधाकट पोरगा झोपून होता. त्यांच्याकडे त्यासाठी दुसरा शब्दच नव्हता.

दुपारी मी त्याला गच्चीवर नेलं आणि दोन तास बोललो. आपल्या बॅचचा कोण कुठून कुठे गेला, अपयश म्हणजे काय, मन घट्ट कसं करायचं. मला वाटलं मी छान बोलतोय. तो टाकीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, ‘झालं का तुझं?’ मी म्हणालो हो. ‘तू असं बोलायला लागला की मला अजूनच बारीक झाल्यावानी वाटायलंय. तू म्हणतो मी वाघ. मला उठून दात घासायचं होईना. मग मी वाघबी नाही अन् तुझा दोस्तबी नाही.’

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. नंतर पुण्यात परतल्यावर मी याबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे मोजून पाहिलेलं आहे. २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअ‍ॅन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना ठरावीक वेळाने, घंटी वाजली की, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना जरासं अजून बरं वाटलं. ज्यांना स्वतःची किंमत वाटत नव्हती त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. कारण असा माणूस ते वाक्य ऐकतो आणि आतल्या आत लगेच ते खोडून काढणारे पुरावे गोळा करायला लागतो. मी रोज सकाळी एक घंटी वाजवत होतो, आणि तो रोज सकाळी माझ्या यादीविरुद्ध स्वतःची यादी काढत होता. वकील तो चांगला झाला असता.

त्या संध्याकाळी मी गप्प बसलो. काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून. तो गच्चीवर बसला होता, मीही बसलो. अंधार पडला. मग मी एक प्रश्न विचारला, जो मी गाडीत रात्रभर घोकत आलो होतो आणि दोन तासांच्या भाषणात विचारायचा टाळला होता. ‘जीव द्यावा असं येतं का मनात?’

बराच वेळ काही नाही. मग, ‘येतं. रोज नाही. पण येतं.’ आणि लगेच, ‘मायला सांगू नको.’

मी म्हणालो, ‘बाकी सगळं ऐकीन, हे नाही.’

असा प्रश्न विचारला तर नसलेला विचार डोक्यात येईल, अशी आपल्याला भीती असते. तसं होत नाही, हे अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. उलट ज्याच्या मनात तो विचार आहे तो एकट्यानेच तो धरून बसलेला असतो. रात्री मी थोरल्या भावाला सांगितलं. तो बोलका नाही. त्याने एक शब्द न बोलता घरातली फवारणीची औषधं उचलली, चुलत्याच्या आखाड्यावर नेऊन कुलपात ठेवली आणि भावाच्या खोलीत स्वतःची बाज टाकली.

मग दवाखाना. पण आधी गावातल्या आशाताईंबद्दल सांगायला हवं. मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचं प्रमाण जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत सरकारचा एक प्रकल्प सुरू झाला होता, त्याचं नाव ‘प्रेरणा’. नाव ऐकून मला वाटलं, झालं, अजून एक भाषण. पण आशाताई ओसरीवर बसून मावशीला विचारत होत्या ते असं : झोप लागते का, भूक आहे का, कुणाशी बोलतो का, कधीपासून. नावात काय ती प्रेरणा. काम सगळं चौकशीचं. त्यांनीच सांगितलं, जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसिक आजाराची ओपीडी असते, तिकडे घेऊन जा, उगं अंगारे-धुपारे करू नका. मावशी तोवर एक अंगारा लावून झाली होती हे तिने आशाताईंना सांगितलं नाही.

परभणीला रांगेत तीन तास गेले. डॉक्टरांनी शांतपणे, साधेच प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही, किती दिवस झोप नाही, आपण घरच्यांना तोंड दाखवायच्या लायकीचे नाही असं किती दिवस वाटलं. मला त्या तिसऱ्या प्रश्नाने धक्का बसला. मी समजत होतो की कमीपणा वाटणं हे त्याच्या परिस्थितीचं कारण आहे. परीक्षा निघाली असती तर गेलं असतं. इथे ते आजाराच्या लक्षणांत मोजत होते, झोप आणि भुकेच्या रांगेत. म्हणजे ताप आलेल्या माणसाला ‘गरम होऊ नकोस’ असं मी महिनाभर सांगत होतो.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये देशभर जे मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं त्यात नैराश्य असलेल्या शंभरातल्या साधारण ८५ जणांपर्यंत उपचारच पोचत नाहीत असं आढळलं होतं. दवाखाने नाहीत हे एक कारण आहेच. दुसरं कारण मी त्या दिवशी पाहिलं. दादा म्हणाले, गोळ्या इथूनच महिन्याच्या घ्या, गावच्या मेडिकलवर चिठ्ठी दाखवायची नाही. आम्ही परभणीतूनच घेतल्या. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, घेतल्या ना.

डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. ते काही आठवडे फार वाईट असतात. गोळीही चालू असते आणि काहीच बदललेलं नसतं. मी मॅनेजरला खरं ते सांगून घरून काम मागून घेतलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलो. रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीपाशी यायची. मीटिंगमध्ये कोंबडा आरवायचा.

एकदा मावशीला गंगाखेडला जायचं होतं, आम्ही दोघं तिला मोटारसायकल आणि रिक्षा अशी कसरत करत घेऊन गेलो. नदीकडे जनाबाईचं मंदिर आहे. गंगाखेड हे तिचं गाव. मी देवभोळा नाही. पण तिथे बसलो असताना लहानपणापासून ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकू आली. नामदेवाघरची ही दासी; कामाच्या रगाड्यात विठ्ठल तिच्याकडे येतो. येऊन काय करतो? दळू लागतो. गोवऱ्या वेचतो. तिला उपदेश करत नाही. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे आणि त्यावर कृष्णाने पुढे सतरा अध्याय उत्तर दिलं. आपण सगळे मित्राला खचलेलं पाहिलं की कृष्ण व्हायला धावतो. पण अर्जुन निदान प्रश्न विचारत होता, वाद घालत होता. ज्याला तेवढंही होत नाही त्याच्याकडे जात्याचा खुंटा धरायला कुणीतरी लागतं. हे मी मित्राला तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर ते परत भाषणच झालं असतं.

आणि खुंटा धरला तो मी नाहीच, त्याच्या भावाने. हरभऱ्याला पाणी चालू होतं. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाईट पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो रात्रीचा आठवडा होता. भाऊ बारा वाजता उठला आणि अंधारात म्हणाला, ‘झोप यायली नाही ना? मग चल. पाइप बदलायचेत.’ बस. तुला बरं वाटेल, मोकळी हवा लागेल, असलं काही नाही. स्प्रिंकलरचे पाइप लांब असतात, ओल्या रानातून एकट्याने न्यायचे तर पीक मोडतं; दोन टोकांना दोघं लागतात. तो उठला. मीही गेलो, चिखलात चप्पल गमावून आलो. दुसऱ्या रात्री भावाने परत हाक मारली. चौथ्या रात्री तो हाकेच्या आधी उठून बसला होता. तो बरा झाला नव्हता, आनंदीही नव्हता. पण एका टोकाला त्याची गरज होती, आणि ते कुणी त्याला पटवून देत बसलं नव्हतं.

नंतर कळलं की मानसोपचारात हे रीतसर वापरतात. मन बरं होईल मग काम करू, असं न थांबता आधी छोटं काम, मन मागून येईल तेव्हा येईल. भावाने यातलं काहीही वाचलेलं नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २०१७ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळालं. त्यातली जानकी, जी स्वतः नैराश्यातून गेली आहे, एका खचलेल्या अनोळखी मुलाला घरी आणते आणि त्याला काही विचारत नाही. मला तो सिनेमा फार आवडतो. फक्त एवढंच की मी न विचारून भागलं नसतं. एक प्रश्न सोडून बाकी सगळ्या बाबतीत जानकी बरोबर आहे असं मी मानतो.

पुण्यात परतल्यावर रोज रात्री आठचा फोन ठरला. नियम एकच, दोघांनी दिवसात केलेली एकेक गोष्ट सांगायची, त्यावर शाबासकी नाही आणि सल्ला नाही. ‘दात घासले.’ ‘मी कपडे इस्त्री केले.’ ‘मोटर चालू केली.’ ‘मी मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या.’ काही दिवस तो म्हणायचा, ‘आज काहीच नाही,’ मग मी फक्त बरं म्हणायचो. ते फार जड जायचं. चांगलं काहीतरी बोलायची मला जी खाज सुटायची ती त्याच्यासाठी कमी आणि माझी घालमेल थांबावी म्हणून जास्त असायची, हे तेव्हा ओळखू यायला लागलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी कमी पडलो. आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं, नऊ दिवस मी आठचा फोन केला नाही. त्याच सुमारास त्याने बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या होत्या. मार्च उजाडेपर्यंत तो पुन्हा त्याच भिंतीकडे तोंड करून. मी चिडलो. फोनवर बोलून गेलो, ‘एवढं सगळं केलं अन् तू गोळ्या सोडल्या?’ पलीकडून काही आवाज नाही. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली. त्या रात्री मी १४४१६ लावला. टेली-मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही. मला वाटायचं की आजारी माणसानेच फोन करायचा असतो. तसं नाही. पलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मित्राबद्दल नंतर, आधी विचारलं की त्याच्याबद्दल घराबाहेर बोलायला माझ्याकडे कोण आहे. कुणीच नव्हतं. चार महिने मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी मी त्याच्या भावाला फोन केला, दोघं परभणीला जाऊन गोळ्या परत सुरू करून आले. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘दात घासले आज.’

आता तो कुठे आहे? परीक्षा सोडली आहे. अधिकारी झाला नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना फॉर्म भरता येईनात. त्याने पंधरा-वीस जणांचे भरून दिले. मग ई-पीक पाहणी. त्या अ‍ॅपमध्ये पीक नोंदवायला शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, घरी बसून होत नाही. त्यामुळे सीझनला तो दिवसभर या रानातून त्या रानात असतो. लोक थट्टेने त्याला ‘साहेब’ म्हणतात. सुरुवातीला ते त्याला फार लागायचं, अजूनही कधी कधी लागतं. वाईट दिवस येतात. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या आहेत. पुस्तकांचे गठ्ठे अजून कोपऱ्यातच आहेत, एकाची सुतळी मात्र सुटलेली दिसली. विचारलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी त्याला वाचायला पाठवला. त्याची हरकत असती तर दिला नसता. दोन दिवसांनी त्याचा आठच्या आधीच फोन आला. म्हणाला, ठीक आहे, दे. जनाबाईचं कशाला घातलं, असू दे. पण एक चूक आहे.

‘काय?’

‘तू तीन आठवडे नव्हता राहिला. सोळा दिवस होता.’

मी म्हणालो दुरुस्त करतो. तो म्हणाला, ‘करू नको, राहू दे. अन् उद्या फोन करू नको. डोंगराकडच्या आखाड्यांवर जायचंय, तिकडं रेंज नसती.’